भोंगा

पाचव्या दिवशी पाणी आलंय नळाला
आणि पुण्याहून फोन:
मुखपृष्ठावरचं निळं
जरा बोलकं करा, आजच.
एका हातात पाइप, दुसऱ्यात पेन.

मामय्या दारात शेंगा सोलत विचारतात,
"सुट्टी कवा व्हती गं तुझी?"
त्यांच्या गिरणीला भोंगा होता.
वाजला की माणूस घरचा.
माझं खातं इथंच, ओट्यावर, कुकरशेजारी;
मागच्या दोन चित्रांचे पैसेही
अजून वाटेतच.

रात्री अकराला लास्या उठून आली,
तोंडाशी दोन्ही मुठी धरून
भोंऽऽऽ केलं तिनं,
दम संपेपर्यंत.
मामय्या झोपेतच कुशीवर वळले.

मी फाइल मिटली.
तिला थोपटलं, पाय तिच्या पायांत अडकवून.

ती झोपल्यावर
पुन्हा उघडली,
उजेड कमी करून.