दक्षिण दिशा वर्ज्य

क्योतोच्या देवळात दोनशे येन टाकून
तुम्ही चिठ्ठी काढलीत.
भाग्य: बेताचंच.
प्रवास: दक्षिण दिशा वर्ज्य.
हरवलेली वस्तू: खालच्या अंगाला शोधावी.
वाट पाहिलेलं माणूस: येईल, उशिरा.

असली चिठ्ठी तिथेच तारेला बांधायची असते,
दुर्दैव देवाच्या गळ्यात मारून मोकळं व्हायचं.
तुम्ही घडी घालून पाकिटात ठेवलीत.
"पैसे मोजलेत," म्हणालात.
आणि शंभरेक पायऱ्या उतरल्यावर,
"घर दक्षिणेलाच आहे की आपलं."

ओकिनावाच्याही पलीकडे.
नकाशात कोपऱ्यात वेगळी चौकट आखून
त्यात छापतात ते बेट.
डोंगर नाही, नदी नाही,
ऊस आणि वारा.

दुसऱ्या देवळात पांढऱ्या खडीचं अंगण.
पंधरा दगड, म्हणे, कुठूनही पाहा, चौदाच दिसतात.
सगळे गप्प बसले होते, ध्यान लागल्यासारखे.
मी मोजले. चौदा.
जागा बदलली. चौदाच.
पोटात खड्डा पडला.
धक्क्यावर आम्ही बायका अशाच मोजायचो होड्या,
कुपा माशांच्या दिवसांत, सांज कलल्यावर.
तुम्हाला काय ठाऊक,
तुम्ही तर पंधराव्या होडीत असायचात.

तोक्योत एकतिसावा मजला.
खिडकी उघडत नाही अशी खोली.
रात्री जाग आली तर तुम्ही काचेला तळहात लावून उभे.
"वारा कुठून आहे तेच कळेना," म्हणालात,
आणि चोरट्यासारखे येऊन पांघरुणात शिरलात.
खाली एवढे दिवे, एवढे दिवे,
आणि त्यातला एकही घरी परतत नव्हता.

मग नागानो. मग बर्फ.
साठी उलटल्यावर पहिल्यांदा.
तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवलात,
मीठ नाही म्हणून तोंड वाकडं केलंत.

शिकवणारी मिओरी, वय असेल वीस,
गालांवर थंडीचे चट्टे.
"आजोबा, पायांची पिझ्झ्याची फोड करा.
पुढे टोक, मागे रुंद. की वेग मरतो."
तुम्ही विचारलंत, लाट आडवी आली तर?
ती हसली. तिने समुद्र दोनदा पाहिला होता.

तुम्ही सातदा पडलात.
तुफानात बंद पडलेलं इंजिन
दाताने धरून घरी आणणारा माणूस,
चार वर्षांचं पोर शेजारून सुर्रकन गेलं
तर कान लाल झाले तुमचे.
मला मात्र जमलं.
का ते विचारू नका, गुडघ्यांनाच माहीत.
"मी एकदा वर जाऊन येते," म्हटलं,
आणि पाळण्यात बसले, एकटी.

वर ढग उतरला.
हात पुढे केला तर हातमोजा दिसेना.
मी फोड करून उभी राहिले.
भीती वाटली असं नाही सांगणार.
हळूहळू आले, वळणावर थांबत,
कुणाच्या तरी शिट्टीच्या रोखाने.

ढगाच्या खाली आले तेव्हा तुम्ही दिसलात.
कुंपणाला टेकून, भाड्याचे बूट उलगडलेले,
दोन्ही हातांत मक्याच्या सूपचे डबे.
वरून येणारा एकेक कोट न्याहाळत होतात.
निळा. नाही.
पिवळा. नाही.
ओठ हलत होते.
तुम्ही मोजत होतात.

अडतीस वर्षांत तुमचं हे तोंड
मी पाहिलंच नव्हतं.
पाहणार कशी? ते तर माझं होतं.

जवळ आले तर म्हणालात,
"सूप गार झालं."
मी गारच प्यायले.

परतीच्या विमानाने पंख कलता करून
दक्षिण धरली,
तेव्हा तुम्ही पाकीट चाचपलंत,
आहे ना म्हणून.