रंग उडतो तेव्हा

नव्या पेठेतल्या कासीमभाईच्या ज्यूस सेंटरवरून
रोज एक पिशवी आणते मी,
पिळून टाकलेल्या डाळिंबाच्या बियांची.
"कोंबड्या पाळल्यात का ताई?"
हा प्रश्न वर फुकट.

पत्र्यावर वाळतात त्या.
चिमण्या येतात, चाखतात, उडून जातात.
गोड ते कुणीतरी आधीच नेलंय.

मग कुटणं, चाळणं, तेल काढणं,
अल्कोहोलात रात्रभर भिजत घालणं.
गाळलेला अर्क दिसतो टपरीवरच्या
तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा.

अप्पा चौतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डाय हाऊसमध्ये.
निवृत्त झाले, नखांतली निळाई नाही झाली.
लग्नात आहेराची चादर आली तरी
कोपरा थुंकीनं ओला करून
पांढऱ्या रुमालावर घासून बघतात.
रंग गेला की इज्जत गेली.

रविवारी त्यांना प्रयोगशाळेत नेलं.
परीक्षानळी उजेडात धरून म्हणाले,
"जांभळा. चांगला चढलाय."
मी अर्काचे चार थेंब सोडले,
नळी अंधारात ठेवली. अर्धा तास.
अप्पा स्टुलावर बसून राहिले
पाळी संपायची वाट बघावी तसे.

बाहेर काढली तर पिवळी.

"उडाला की गं!"
चेहरा असा, की जणू मालकाला जाब द्यायचाय.
"उडायलाच हवा, अप्पा.
यातला कण एका इलेक्ट्रॉनासाठी हपापलेला,
दिसेल त्याचं ओरबाडणारा.
बी आपल्या पदरचं देते,
तो निवतो, तेव्हा रंग जातो."

अप्पा बराच वेळ नळीकडे बघत होते.
"आणि देणारीचं काय होतं?"

मी सांगू लागले, कड्यात वाटून घेते ती
आपली तूट, म्हणून ढळत नाही…
मध्येच थांबले.
तोंडी परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी पत्र्यावरची एक बी
त्यांनी दाढेखाली फोडली.
"तुरट," म्हणाले.
"माझ्या बापाच्या हंड्यात
डाळिंबाची सालं असायची, हिरड्याबरोबर.
ह्या तुरटपणानंच रंग धरायचा सुताला."

खाली आई विड्यांचे कट्टे मोजत होती.
मी वही उघडली. शोषणांकांचा तक्ता,
शेवटचा रकाना रिकामा.
अप्पांनी अजून एक बी उचलली,
नखाच्या निळाईवर ठेवून
तिचा रंग बघत बसले.