सत्तीचा जोड

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर
कंगवे, चष्मे, नेलकटर विकणाऱ्या माणसाकडून
साठ रुपयांत घेतला हा जोड.
सोबत झेरॉक्सचा अर्धा कागद :
नवशिक्यांसाठी. हातचलाखीची गरज नाही.
पंधरा मिनिटांत जादूगार.

मला पंधरा दिवस लागले.

तेंदूच्या फळीवर मुन्शीला दुपारभर काम नसतं.
बाया पुडके घेऊन येतात उन्हं कलल्यावर.
तोवर ताडपत्रीच्या सावलीत मी
आणि हे बावन्न पत्ते,
त्यातल्या सव्वीस बदाम सत्त्या,
एका साच्यातल्या,
प्रत्येक नखाच्या कडेइतकी आखूड.
दर दोन सत्त्यांमधे एक पुऱ्या उंचीचा पत्ता,
राखणदारासारखा उभा.
फरफरवलं की उंच तेवढेच दिसतात :
किलवर राजा, चौकट दुर्री, इस्पिक गुलाम,
सगळा गाव.
कुणी ‘थांब’ म्हणालं, तिथं कापलं,
की वर सत्ती.
कुठंही कापा.

कागदाच्या तळाशी तीन सूचना :
एकाच माणसाला दोनदा दाखवू नका.
बोलत राहा.
जोड दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

पहिल्या दिवशी मे महिन्यानं माती केली.
घामानं पत्ते एकमेकांना चिकटले
आणि लोकचंदच्या ‘थांब’वर निघाली इस्पिक नव्वी.
पोरं हसली नाहीत. त्यांना वाटलं, असंच असतं.
मग कुरखेड्याहून कॅरमची पावडर आणवली.

काल जमलं. सलग चारदा जमलं.
(पहिली सूचना तिथंच मोडली.)
पोरांचा गलका ऐकून रुसीबाई नैताम आली,
डोक्यावरचं ओझं उतरवलं,
म्हणाली, ‘पाहू दे गा मुन्शी,’
आणि मी बोट आवळायच्या आत
जोड तिच्या हातात.

तिनं राजा पाहिला नाही, राणी पाहिली नाही.
पुडकं धरतात तसा जोड धरला,
कडेवरून अंगठा सोडला एकदाच.
पानांच्या रसानं काळा पडलेला अंगठा तो.
चाळीस उन्हाळे, सत्तर पानांचं एक पुडकं,
अंधारातून उठून तोडलेली, डोळे मिटून मोजलेली.
तिच्या लेखी पत्ता म्हणजे तेंदूचाच,
हे मला आधी सुचायला हवं होतं.

‘निम्मे आखूड हायेत ना गा,’
माझ्या कानापुरतं म्हणाली.
मग जोड परत देत, मोठ्यानं :
‘दाखव मंग. मी म्हनते थांब.’

मी फरफरवलं. ती थांब म्हणाली.
मी सत्ती उलटली
आणि ती ओरडली, ‘अगा माय माय माय!’
पोरांपेक्षा मोठ्यानं. छातीवर हात ठेवून.
लोकचंद तर दोन पावलं मागं सरला.

मग तिची पुडकी मोजायला घेतली.
दोनशे दहा, सांगितल्याप्रमाणे.
नियम असा की मधलं कुठलंही एक सोडून पाहायचं.
मनातच ‘थांब’ म्हणालो, उचललं,
वाखाची गाठ सोडली.

चौसष्ट.
वर-खाली तळहाताएवढी पानं, देखणी,
आत कोवळी पिटुकली,
दोन तर दुमडून चार केलेली.
बांधणी अशी, की दाबलं की सत्तर उसळावीत.

रुसीबाई नातीच्या डोक्यातली काडी काढत होती.
तिकडंच बघत होती.

बोलत राहा, असं कागदावर लिहिलेलं.
मी म्हणालो, ‘यंदा मोहफुलं कमीच पडली म्हणे?’
‘कमीच गा,’ ती म्हणाली.
‘रानात अस्वल लय.’
‘हो का.’
गाठ पुन्हा बांधली. माझी बांधणी तिच्याइतकी चांगली नाही.
कार्डावर लिहिलं : दोनशे दहा.

शुक्रवारी ठेकेदाराचा माणूस येईल,
तोही चालत चालत कुठलंतरी एक उचलेल.
आज सकाळी त्या ओळीत
मी पुरं सत्तरचं एक ठेवलं आहे,
बाकीच्यांपेक्षा जरासं पुढं आलेलं,
नखाच्या कडेइतकं.