डावा घोटा

यागोदा रक्त काढते तेव्हा बोलत नाही.
चार नळ्या भरतात. त्यांच्यावर ती
माझं नाव लिहिते, हालबेरा,
आणि दर वेळी शेवटच्या अक्षराची शेपटी
तिच्या पोलिश सवयीने वर वळते.

यंत्र दहा मिनिटं फिरतं.
टेबलावरचा माझा चष्मा
हळूहळू कडेकडे सरकतो.

एकतीस वर्षं मी रक्ताचं पाणी केलं
या फ्योर्डमध्ये, कोलंबीच्या कारखान्यात,
ओल्या फरशीवर, सरकत्या पट्ट्यापाशी.
हे यंत्र माझ्याहून हुशार,
रक्ताचं पिवळं करतं.
लाल तळाशी बसतं, दमलेलं.
वर पिवळं, आणि दोघांच्या मध्ये
धुक्याएवढी एक पांढुरकी कड.
"हीच," यागोदा म्हणते. "एवढीच हवी."

त्या कडेत प्लेटलेट असतात म्हणे.
फुटल्या की निरोप सोडतात:
इथे पेशी पाठवा, इथे शिरा विणा,
कुणीतरी या आणि कडा जवळ ओढा.
चौदा महिने माझ्या घोट्यावरचं भगदाड
कुणाचंच ऐकत नव्हतं.
चांदीचं मलम झालं, मध झाला,
जावयाने आणलेलं शार्कचं तेलही झालं.
त्याने फक्त शेजारचं मांजर जवळ आलं.

जखमेवर मीठ चोळायला
आमच्याकडे माणूस लागत नसे.
सकाळी सहाला खारं पाणी बुटात शिरायचं
आणि दोन वाजता माझ्याबरोबर घरी यायचं.
थोर्गेर्दुर शेजारी उभी असायची.
म्हणायची, पायांना नावं ठेवू नकोस,
तेच तर पगार आणतात.
तिच्या शिरा माझ्याहून निळ्या होत्या.
तिच्या वेळी हे यंत्र नव्हतं.
एवढंच म्हणते. खपली काढत नाही.

पिवळ्यात कॅल्शियमचा थेंब पडतो.
थोडा वेळ काहीच होत नाही,
मग ते थरथरतं, जेलीसारखं धरतं.
जेली जखमेत. वर एक पांढरी चकती,
हातात धरली तर वजनच नाही.
पहिल्या दिवशी यागोदाने विचारलं होतं,
"कोलंबी बाधते का तुला?"
मला वाटलं, जेवायला बोलावते आहे.
चकती टरफलांपासून केलेली, ती म्हणाली,
आणि मी इतकी हसले
की तिला चिमटा बाजूला ठेवावा लागला.
ती टरफलं आम्ही खोऱ्याने समुद्रात लोटायचो, बाई!
सीगल माजले होते त्यांच्यावर.

दर गुरुवारी ती पारदर्शक कागद ठेवते,
जखमेभोवती पेन फिरवते.
पहिला आकार ग्रीनलंडसारखा होता.
नंतर एखाद्या बेटाचा, ज्यावर कुणी राहत नाही.

जानेवारीच्या शेवटी सूर्य डोंगरावरून आला.
दोन महिन्यांनी. मी रिवाजाचे पॅनकेक केले,
बारा, उभ्यानेच.
पाय वर ठेवायला सांगितलं होतं, ठाऊक आहे.
जखम त्या दिवशी भरली नाही.
ती भरली मार्चमधल्या एका मंगळवारी,
बाहेर बर्फाचा चिखल असताना.

नवी कातडी गुलाबी, पातळ,
सोललेल्या कोलंबीसारखी.
यागोदा फोटो काढायला वळली, तेवढ्यात
माझा अंगठा आपसूक तिच्यावरून फिरला,
पट्ट्यावर फिरायचा तसा,
कुठे टरफल राहिलं का ते बघत.