इतर असल्यास नमूद करा

कॉलेजातून फॉर्म आलाय. चारच मिनिटं लागतील, म्हणे.
इथे शिकलेली कौशल्यं नोकरीत किती उपयोगी पडली?
एक ते पाच. गोलावर टिचकी मारा.

वाटाघाटी.
त्या तासाला माझ्यासमोर ईशान बसायचा.
त्याच्या चिठ्ठीवर त्याची शेवटची किंमत, माझ्या चिठ्ठीवर माझी,
वीस मिनिटांत दोघांचंही भलं करून
आम्ही कँटीनला पळायचो.

नागदेवी स्ट्रीटवर मोईझभाई पत्रावालांकडे चिठ्ठी नव्हती.
एक पंखा होता, माझ्याकडे पाठ केलेला,
आणि कंपनीचे चार लाख बारा हजार,
एकशे दहा दिवसांपूर्वीचे.
"बसा," म्हणाले. बसले.
चहा आला. गिऱ्हाईक आलं, चार डझन बिजागऱ्या घेऊन गेलं.
मग नमाजाची वेळ झाली, शटर अर्धं खाली आलं
आणि मी अर्ध्या शटरच्या आत,
बॅगेत सव्वीस स्लाइड्स,
सव्विसावीवर नुसतं 'धन्यवाद'.

संवादकौशल्यात पाचपैकी पाच होते मला.
डोळ्यांत बघा, तळवे उघडे ठेवा, समोरच्याचं नाव घेऊन बोला.
गप्प बसणं अभ्यासक्रमात नव्हतं :
एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर
दोन तास, पैशांचा विषय न काढता,
तो कधीचाच निघालाय
हे दोघांनाही ठाऊक असताना.

शेवटी त्यांचा हमाल गावस म्हणाला,
"ताई, वर या. बघा तरी एकदा."
मुलाखतीसाठी घेतलेले बूट शिडीखाली काढले.
माळ्यावर आमचेच डबे, आमच्याच कारखान्यातले,
झाकणाखालून पाझरलेले, एकमेकांना धरून बसलेले,
जाहिरातीत आम्ही म्हणतो तसे,
कायमचे.
"आठ महिने झाले. तुमच्याआधी तीन साहेब येऊन गेले.
खालनंच गेले."

मी मोजले. त्रेसष्ट.
मोजायला बालवाडीत शिकवतात,
त्याची फी बाबांनी कर्ज न काढता भरली होती.

माळ्यावरूनच धुरीसरांना फोन केला.
क्रेडिट नोट काढावी लागेल, सर.
"आधी चेक आण."
आधी नोट, सर.
हे कोण बोललं ते मला पटकन कळलं नाही.
गावस शिडी धरून उभा होता, त्याला कळलं असावं.

आता खरं सांगते, एक गोष्ट कामी आली.
कॉस्टिंग. ज्यात मी दोनदा नापास झाले,
जे शिकवताना पटवामॅडमचा आवाज
पहिल्या बाकाच्या पुढे यायचा नाही.
मोईझभाईंची वही गुजरातीत, पण आकड्यांना काय भाषा.
त्रेसष्ट गुणिले अठराशे पन्नास. चार लाख बारामधून वजा.
उरले दोन लाख पंच्याण्णव हजार चारशे पन्नास.
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
स्वतः करून पाहिलं, सावकाश,
आणि पंखा माझ्याकडे वळवला.

चेक मिळाला. अर्ध्याचा. पुढच्या तारखेचा.
उरलेले नोट आल्यावर, म्हणाले,
आणि नोट येणार की नाही
हे मलाही अजून माहीत नाही.

आता क्रॉफर्ड मार्केटच्या बसस्टॉपवर उभी आहे.
शेवटचा प्रश्न : अभ्यासक्रमात आणखी काय असायला हवं होतं?
यादीतलं निवडा. इतर असल्यास नमूद करा.
जागा अर्धी ओळ.
'शिडी' असं लिहिलं. मग खोडलं.
उगाच पुढच्या वर्षी 'शिडी व्यवस्थापन' काढतील,
तीन क्रेडिटचं, सक्तीचं,
वातानुकूलित वर्गात, जमिनीवर ठेवलेल्या शिडीसकट.

तेवढ्यात फोन बंद झाला.
उघडायला अंगठा टेकवला.
अंगठ्यावर गोंदाचा थर, वाळून पारदर्शक झालेला,
नखाने निघत नाही, रॉकेलनेही निघणार नाही,
माल आमचा चांगला आहे.

फोन मला ओळखत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणतो.