पहिला अर्धा तास फुकट

अर्ज खरं तर माझा नव्हता.
रेवाबेन सोलंकी आमच्या दांडिया बाजारातल्या
मागच्या गल्लीत झाडू मारते.
तिची सासू डाहीबेन त्याच गल्लीत
अकरा वर्षं मारत होती,
हंगामी म्हणून.
अकरा वर्षांचा एक हंगाम.

'लिहिलेलं असेलच ना, बेन,' रेवा म्हणाली,
'रोज अंगठा घ्यायचे तिचा.
एवढे अंगठे गेले कुठे?'

मला लिहिता येतं. चौतीस वर्षं
लोकांच्या मुलांची जोडाक्षरं सोडवली आहेत.
वीस रुपयांचा स्टॅम्प लावून मी नमुना भरला:
हजेरीपत्रकं, एकाहत्तर ते ब्याऐंशी,
आणि कायम करा म्हणून तिने जी मागणी केली
तिच्यावर काय शेरा पडला.

पहिलं उत्तर: कागद पुरात गेले.
मी विचारलं, कोणत्या?
विश्वामित्रीला काय, अधूनमधून कागद लागतातच.
दुसरं उत्तर: काले आवजो.
ते तोंडी होतं, त्याची नक्कल मिळत नाही.
तिसरं लेखी आलं, सदतिसाव्या दिवशी:
येऊन बघा.

रेकॉर्ड रूम जिन्याखाली. पाटीवर लिहिलेलं,
पहिला अर्धा तास फुकट,
पुढे दर अर्ध्या तासाला वीस रुपये.
ठक्करभाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून
टेबलावर उताणं ठेवलं.
लाल रुमालाची गाठ सुटायला सात मिनिटं गेली,
तीही त्यांनी धरली.

आत अंगठे होते.
जांभळे, ओळीने, पानामागून पान,
काही शाई कमी पडलेले, काही वाहून गेलेले.
रेवा वाकली, बोट फिरवत गेली,
थांबली.
'ही तिची. बघा, मधोमध चीर.
पत्र्याने कापला होता.'
मग तिला प्रत्येक पानावर चीर सापडत गेली
आणि ती मोजायची सोडून
नुसती हूं, हूं म्हणत राहिली.

शेऱ्याचं पान दुसऱ्या फाइलीत.
मी आधी अक्षर पाहिलं, मास्तरणीची खोड.
सुरेख होतं. गोलवा, ओळ सरळ.
मागणी ध्याने लेवा जेवी नथी.

गुजरातीला डोक्यावर रेघ नसते.
'नथी'वर होती.

भाऊंचं सगळं आयुष्य गुजरातीत गेलं,
पण घाई झाली की त्यांचा हात मराठीत यायचा.
दुधाच्या वहीत अशाच रेघा,
वाण्याच्या यादीत अशाच.
मी हसायचे त्यांना.
खाली सही: वि. के. मोहिते, हेड क्लार्क.
तारीख माझ्या दहावीच्या निकालानंतरची, दुसऱ्याच दिवसाची.
आदल्या संध्याकाळी आम्ही गल्लीभर पेढे वाटले होते.
डाहीबेनलाही. कागदावर ठेवून,
कागद ओट्याच्या कडेला ठेवून.

'शुं लखेलुं छे, बेन?'

घड्याळात चार मिनिटं उरली होती.
चार मिनिटांत एक ओळ वाचायची
म्हणजे भरपूर वेळ.
मी वाचली. मग सहीही वाचली.
रेवा माझ्याकडे बघत राहिली.
'मोहिते तर तुम्ही पण.'
'हो.'

ठक्करभाई म्हणाले, टाइम झाला,
नकलेचे पानाला दोन रुपये.
हजेरीची एकशे बत्तीस पानं मी मागितली.
'आणि हे?'
'हे आधी.'
मी पर्स उघडेपर्यंत
रेवाने पदराची गाठ सोडून
दोनाचं नाणं टेबलावर ठेवलं होतं.
'बाकीचे तुम्ही द्या. या एकाचे मी.'

पावती कोणाच्या नावाने, त्यांनी विचारलं.
'डाहीबेन मावजी सोलंकी. आखुं नाम लखजो.'
त्यांचं पेन चालेना.
मी माझं दिलं.