चार बोटं

तिन्ही माइक मी खाटेवर मांडले, पंचा पसरून.
बस्त्याव रोड्रिग्ज वाकून बघत राहिला
आणि म्हणाला, ‘ह्यांतलो ताजो खयचो?’

वेंगुर्ल्याच्या बंदराकडची ही खोली.
खाली बर्फाची फॅक्टरी. तिचा कॉम्प्रेसर
दर अकरा मिनिटांनी जागा होतो
आणि जमिनीतून खाटेच्या पायांत चढतो.
मी घड्याळ लावून मोजलंय.
जे काय वाजवायचं ते अकरा मिनिटांत.

पहिला कंडेन्सर, कोल्हापूरहून हप्त्यांवर आणलेला.
तांदळाच्या डब्यात निजवून नेतो त्याला,
खारी हवा लागली की चुरचुरतो,
ओल्या वातीसारखा.
अठ्ठेचाळीस व्होल्ट दिले की त्याला सगळंच ऐकू येतं:
सुरूच्या झाडांतला वारा, जेटीवर ओढलेली क्रेट,
तारेवरून घसरणारं बोट, बस्त्यावचा दमा,
आणि जिच्यासाठी आलो ती गिटार
या गर्दीत कुठेतरी मागे, उभ्याने.

दुसरा रिबन. उसना.
आतली पट्टी चॉकलेटच्या चांदीहून पातळ,
फुंकरीने फाटते म्हणून मालकाने शपथ घातलेली.
तो मऊ ऐकतो. इतका मऊ
की त्यातून बस्त्याव सुखी वाटतो.

तिसरा साधा डायनॅमिक.
भजनं, निवडणुकीचा टेम्पो, दशावताराच्या रात्री
सगळं करून आलेला. जाळीला पोचा,
आत कुणाच्या तरी तंबाखूचा वास.
जवळचं तेवढं ऐकतो, लांबचं सोडून देतो.

मी शिकल्याप्रमाणे कंडेन्सर घेतला
आणि गिटारीच्या बाराव्या पट्टीसमोर धरला.
त्याने तो हाताच्या पालथ्याने बाजूला केला, माशी वारावी तसा.
‘लाकडात नाय रे. हयसर वाजता.’
आणि पायाने ॲम्प्लिफायर पुढे ढकलला.

गुडघ्याएवढं खोकं. तोंडावरचं कापड झुरळांनी खाल्लेलं,
तिथे आता बारीक आसाच्या जाळ्याचा तुकडा, खिळ्यांनी ठोकलेला.
कागदी कोन फाटून गोंदाने चिकटवलेला.
त्यामुळे तिसऱ्या तारेला एक खरखर येते,
काजूचं टरफल दातांखाली यावं तशी.
‘खोकं नकोच,’ मी म्हटलं, ‘थेट वायर जोडू,
खरखर जाईल.’
तो पाचवी तार पिळत बसला.
पिळून झाल्यावरही पिळत बसला.

मग म्हणाला, हे खोकं ट्रॉलरच्या पगारातून घेतलं,
पहिल्या पगारातून नाही, तो दारूत गेला, दुसऱ्या.
फिलसू मागच्या पडवीत तिरफळं निवडायची,
तिथवर नुसतं लाकूड पोचत नसे.
खरखर सुरू झाली तेव्हा तिने विचारलं होतं
आता वाजवताना गातोस पण का?

मी गप्प राहून डायनॅमिक उचलला.
कोनाच्या मधोमध धरला तर आवाज टोचतो,
कडेला नेला तर पोट सुटतं त्याला.
मधे कुठेतरी, चिकटवलेल्या भेगेजवळ, थांबलो.
चार बोटं अंतर.
माझी की त्याची, हा प्रश्न होता,
कारण त्याची दोरखंडांनी जाड झालेली.
त्याचीच धरली.

‘आणखी एक माइक मागे ठेवूया,’ मी म्हटलं, ‘डावा, उजवा,
दोन्ही कानांत पसरेल.’
‘एकच ठेव,’ तो म्हणाला.
‘तिका एकाच कानान आयकाक येय.’

दहाव्या मिनिटाला त्याने सुरू केलं.
मी हात वर केला, थांबा म्हणून. त्याचे डोळे मिटलेले.
कॉम्प्रेसर लागला, खाट थरथरली,
तांदळाच्या डब्याचं झाकण वाजू लागलं.
मीही बटण बंद केलं नाही.

रात्री हेडफोन लावून ऐकलं.
फॅक्टरी आहे, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याइतकी.
खरखर मात्र समोर बसलीय,
पाय पसरून.